डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर पेशी ते जोडते कशी? मूळ मजकूर आणते कुठून?

मुलुंडचे_बाबा

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलवाला माणूस, बायो दहावीत सुटलं ते सुटलंच, पण लेक बारावीला आहे आणि नीटच्या अभ्यासात तिला पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं शोधायची ड्युटी सध्या माझ्याकडे आलीय. तर प्रश्न असा. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकावर काही बिघडलं तर समोरच्या धाग्यावरून बघून परत लिहिता येतं, ए समोर टी, जी समोर सी, इथपर्यंत मलाही कळलं. पण दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर? मग बघून लिहायला समोर काही उरतच नाही ना. नोट्समध्ये एवढंच दिलंय की लायगेज नावाचं एन्झाइम टोकं जोडतं. अहो पण कुठली टोकं? एका पेशीत ४६ क्रोमोसोम, त्यात दोन-तीन ठिकाणी तुटलं तर कुठलं टोक कुठल्या टोकाला लावायचं हे त्या लायगेजला कोण सांगतं? आणि मधली चार अक्षरं उडाली असतील तर ती आणायची कुठून?

शोधाशोध केली तर दोन पद्धती दिसल्या, एक झटपट पण चुका करणारी, दुसरी सावकाश पण अचूक, आणि माणसाच्या पेशी जास्त करून पहिलीच वापरतात म्हणे. हे काही मला पटेना. अचूक पद्धत घरात असताना चुकणारी कोण वापरेल?

दुसरा प्रश्न जरा घरचा. वहिनीला ब्रेस्टचं रेडिएशन चालू आहे, रोज परळला जायचं, सोमवार ते शुक्रवार, एकूण तीन आठवडे. सगळा डोस एकदाच देऊन मोकळं का नाही करत विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, चांगल्या पेशींना रिपेअरला वेळ मिळतो. म्हणजे हाच तो रिपेअर का? मग कॅन्सरच्या पेशी पण त्या वेळात रिपेअर करत असतीलच की.

कसारा_लोकल

थंडीत रुळाला तडा जातो तेव्हा गँगमन पट्टी टाकून क्लँप मारतात आणि गाड्या हळूहळू सोडतात, नीट वेल्डिंग नंतर ब्लॉक घेऊन. पेशीचं पण तेच असणार, आधी गाडी तर सोडा. मी कॉमर्सवाला आहे हो, जाणकार येतीलच.

पेट्रीडिश

कसारा_लोकल, अर्धं जुळतंय. पण रुळावर अक्षरं नसतात, इथे रुळावरच सगळा मजकूर आहे, गोची तिथेच आहे.

काका, लेकीला शाब्बास म्हणा, तिने नेमकी दुखरी नस पकडलीय. माझी पीएचडी याच विषयात झाली त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी हे की असं तुटणं ही काही अणुबॉम्बची वगैरे गोष्ट नाही. विभाजन होत असलेल्या पेशीत दिवसाला साधारण १० ते ५० वेळा असं होतं असा अंदाज आहे, आणि त्यातलं बरंचसं बाहेरच्या किरणांमुळे नाही तर पेशीच्या स्वतःच्या कामातूनच होतं. डीएनएची कॉपी काढत काढत यंत्रणा पुढे सरकते आणि वाटेत एका धाग्याला आधीच बारीकशी चीर असेल तर तिथे पोचल्यावर आख्खं टोकच सुटं होतं. बाकी ऑक्सिजनचे उपद्व्यापी रेणू आहेत, आणि एटोपोसाइड, डॉक्सोरुबिसिनसारखी किमोची औषधं तर मुद्दाम हेच घडवतात.

आता टोक उघडं पडलं की काही सेकंदांत तिथे कू नावाचं प्रोटीन येतं. कू७० आणि कू८० ही जोडी, दोघं मिळून एक रिंग होते आणि डीएनएचं टोक त्या रिंगमधून आत सरकतं. कू अक्षरं वाचत नाही. त्याला कुठलंही टोक चालतं, आणि माणसाच्या एका पेशीत त्याचे लाखो रेणू आधीपासून फिरत असतात म्हणून सगळ्यांच्या आधी तेच पोचतं. कू बसलं की ते डीएनए-पीके नावाच्या अगडबंब एन्झाइमला बोलावतं, मग दोन्ही बाजूची टोकं समोरासमोर धरून ठेवली जातात. टोकं खराब असतील, आणि किरणांनी तुटलेली टोकं बहुतेक वेळा खराबच असतात, तर आर्टेमिस नावाचं प्रोटीन ती छाटतं, म्यू आणि लॅम्डा नावाची पॉलिमरेज गरज पडली तर एक-दोन अक्षरं भरतात आणि शेवटी लायगेज-४ शिवण घालतं. तुमच्या नोट्समधलं लायगेज ते हेच, फक्त ते एकटं नसतं, एक्सआरसीसी४ आणि एक्सएलएफ असे दोन साथीदार बरोबर लागतात. या पद्धतीला नॉन-होमोलोगस एंड जॉइनिंग म्हणतात, आम्ही लॅबमध्ये नुसतं एनएचईजे म्हणतो.

कुठलं टोक कुठल्या टोकाला हे कोण सांगतं, तर खरं उत्तर असं आहे की कोणीच सांगत नाही. जवळ असेल ते जोडलं जातं, बस. पण हे वाटतं तितकं बेभरवशाचं नाही कारण केंद्रकात प्रत्येक क्रोमोसोमचा आपापला इलाका असतो, डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनांभोवती गुंडाळलेला असतो, आणि तुटलेली टोकं दहा-पंधरा मिनिटांत फार लांब भटकत नाहीत. त्यामुळे मोडलेल्या टोकाच्या सगळ्यात जवळ त्याचंच दुसरं टोक असतं. घात होतो तो एकाच वेळी जवळजवळ दोन ठिकाणी तुटलं की. तेव्हा ९ नंबरच्या क्रोमोसोमचं टोक २२ नंबरला लागतं आणि बीसीआर-एबीएल हा जोड तयार होतो, ज्यातून सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर होतो. इमॅटिनिब या गोळीच्या पेटंटची २०१३ सालची सुप्रीम कोर्टाची केस आठवत असेल तर ती गोळी याच चुकीच्या जोडातून निघालेल्या प्रोटीनवर चालते.

आणि उडालेली चार अक्षरं? या पद्धतीत ती गेली ती गेली. परत येत नाहीत.

तुम्ही म्हणाल मग हे चालतं कसं? एक तर माणसाच्या जीनोममध्ये ३२० कोटी जोड्या आहेत आणि प्रोटीनचा मजकूर त्यात एक-दीड टक्का, म्हणजे चार अक्षरं उडाली तर बहुतेक वेळा कोणाला पत्ताही लागत नाही. दुसरं म्हणजे टोक तसंच उघडं ठेवणं हे त्याहून कैक पटीने वाईट आहे. पेशी विभागताना क्रोमोसोमच्या सेंट्रोमिअरला धरून ओढलं जातं, तुटलेल्या तुकड्याला सेंट्रोमिअरच नाही तर तो मागे राहतो, त्याच्यावरची शेकडो जनुकं एका फटक्यात गायब. चार अक्षरं गेलेली परवडली. आणि "चुका करणारी" हा शिक्का मला जरा अन्यायाचा वाटतो, टोकं स्वच्छ असतील तर हीच पद्धत एक अक्षरही न गमावता जोडते, चूक किती होणार हे टोकांच्या अवस्थेवर ठरतं.

आता दुसरी पद्धत, होमोलोगस रिकॉम्बिनेशन. इथे मूळ मजकूर खरोखर आणला जातो, पण कुठून? पेशी विभाजनाच्या आधी सगळ्या डीएनएची एक कॉपी काढते. ती कॉपी, तिला सिस्टर क्रोमॅटिड म्हणतात, मूळ धाग्याला चिकटूनच असते. त्या काळात तुटलं तर शेजारीच अक्षरन् अक्षर तसाच मजकूर तयार असतो. एमआरएन नावाचं त्रिकूट आणि सीटीआयपी मिळून तुटलेल्या टोकाचा एक धागा मागे कुरतडत नेतात, त्यामुळे दुसरा धागा एकटा शेपटीसारखा उरतो, त्यावर आधी आरपीए नावाचं प्रोटीन बसतं, मग बीआरसीए२ येऊन आरपीएला हटवून तिथे रॅड५१ ची माळ चढवतं, आणि ती माळ घातलेली शेपटी शेजारच्या कॉपीत घुसून जुळणारा मजकूर शोधते. जुळला की तिथून बघून गहाळ भाग परत लिहिला जातो. याला तास लागतात, एनएचईजेला बरेचदा अर्धा तास पण लागत नाही.

आणि तुमच्या "घरात असताना" या शब्दातच उत्तर आहे, ती बहुतेक वेळा घरात नसतेच. शरीरातल्या बऱ्याचशा पेशी, मेंदूच्या, स्नायूंच्या, विभाजन करतच नाहीत किंवा कॉपी काढण्याच्या आधीच्या टप्प्यात बसून असतात. सिस्टर नाही तर बघून लिहिणार कशावरून. म्हणून पेशीने तसं कुलूपच लावून ठेवलंय, कॉपी काढायला घेतली की सीडीके नावाची एन्झाइम जागी होतात, ती सीटीआयपीला खूण करतात आणि मगच कुरतडणं जोरात सुरू होतं. त्याआधी ५३बीपी१ नावाचं प्रोटीन टोकं कुरतडू देत नाही. नंतर बीआरसीए१ येऊन ५३बीपी१ ला बाजूला सारतं. या दोघांच्या ढकलाढकलीवर माझ्या फील्डमधल्या लोकांची आख्खी करिअरं उभी आहेत.

तुटलेली जागा दिसते कशी असंही लेकीने विचारलं तर सांगते. तुटलं की एटीएम नावाचं एन्झाइम (बँकेचं नाही) आजूबाजूच्या हिस्टोनांवर फॉस्फेटची खूण करत सुटतं, दहा-वीस लाख अक्षरांपर्यंत ती खूण पसरते, तिला गॅमा-एच२एएक्स म्हणतात. १९९८ साली विल्यम बॉनर यांच्या गटाने हे दाखवलं. त्यावर चमकणारी अँटिबॉडी लावली की मायक्रोस्कोपखाली केंद्रकात ठिपके दिसतात, साधारण एक ठिपका म्हणजे एक तुटलेली जागा. माझी थिसिस म्हणजे खरं सांगायचं तर ठिपके मोजणं.

मुलुंडचे_बाबा

ताई, दोन वेळा वाचलं, लेकीने एकदाच वाचलं आणि लगेच पुढचा प्रश्न. ती म्हणते सिस्टर नसेल तर नसू दे, प्रत्येक क्रोमोसोम जोडीने असतो ना, एक आईचा एक बाबांचा. आईच्या प्रतीत तुटलं तर बाबांच्या प्रतीवरून बघून लिहायचं, ती तर कायम पेशीत असतेच.

पेट्रीडिश

हिला रिसर्चला पाठवा हो, एमबीबीएसला कशाला.

करता येतं, यीस्ट सर्रास करतं. आपल्या शरीराच्या पेशी मात्र शक्यतो टाळतात. एक म्हणजे दोन प्रती केंद्रकात शेजारी नसतात, एक इकडे एक तिकडे, शोधायला गेलं तर सगळा जीनोम धुंडाळायचा. आणि त्यात आपला जीनोम सारख्यासारख्या मजकुराने भरलेला आहे, एकट्या अ‍ॅलू नावाच्या तुकड्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती आहेत, सुमारे ३०० अक्षरांचा तुकडा, पूर्ण जीनोमचा दहावा हिस्सा. अशात शेपटी घेऊन मॅच शोधत फिरायचं म्हणजे भलत्याच क्रोमोसोमवरच्या अ‍ॅलूशी जुळवून बसायची भीती. सिस्टर चिकटूनच असते त्यामुळे ही भानगड कमी.

दुसरं जास्त गंभीर. समजा बाबांच्या प्रतीत एखादं जनुक बिघडलेलं आहे पण आईचं चांगलं आहे म्हणून निभावतंय. आता आईच्या प्रतीत तुटलं आणि बाबांच्यावरून बघून लिहिलं तर दोन्ही बिघडलेली झाली. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरात आरबी१ जनुकाची उरलेली चांगली प्रत जाते ती काही केसेसमध्ये अशा अदलाबदलीतूनच. म्हणजे "अचूक" रिपेअर करून कॅन्सरला दार उघडून दिलं.

एका ठिकाणी मात्र पेशी आई-बाबांच्या प्रती मुद्दाम एकमेकींशी जुळवते, ते म्हणजे मायोसिस, अंड किंवा शुक्राणू बनतानाचं विभाजन. क्रॉसिंग ओव्हर तिला पाठच असेल. पण पुस्तकात हे ठळक येत नाही की त्याची सुरुवात पेशी स्वतःच डीएनए तोडून करते, स्पो११ नावाच्या एन्झाइमने दोन्ही धागे कापते, एकदा नाही तर शेकडो ठिकाणी, आणि मग ते सांधताना प्रती अदलाबदल करतात. दुसरं उदाहरण अँटिबॉडीचं. रॅग१ आणि रॅग२ जनुकं कापतात, एनएचईजे जोडतं, आणि जोडताना होणारी अक्षरांची गडबड इथे हवीच असते, टीडीटी नावाचं एन्झाइम तर मुद्दाम मनाला येईल ती अक्षरं घुसवतं, त्यातूनच कधी न बघितलेल्या विषाणूला बसेल अशी अँटिबॉडी निघते. आर्टेमिस नसलेली बाळं जन्मतात त्यांना म्हणून दोन त्रास एकदम असतात, इम्युनिटी जवळपास शून्य आणि किरणं अजिबात सोसत नाहीत.

लिनॅकवाला

मेडिकल फिजिक्समध्ये आहे, त्यामुळे वहिनींच्या प्रश्नाचं मी घेतो. त्यांच्या केसबद्दल बोलत नाहीये, ते त्यांच्या डॉक्टरच सांगणार, जनरल सांगतो.

होय, हाच तो रिपेअर. एक ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) डोस दिला तर एका पेशीत साधारण २० ते ४० ठिकाणी दोन्ही धागे तुटतात, एकेरी चिरा हजारभर पडतात पण त्या सहज भरतात, पेशीला मारतं ते हे दुहेरी तुटणंच. त्यातही जे चुकीचं जोडलं जातं किंवा जोडलंच जात नाही ते. निम्म्याहून जास्त तुटलेल्या जागा तासा-दोन तासांत जोडून होतात, उरलेल्या किचकट जागांना आणखी बरेच तास. म्हणून दिवसाला दोनदा रेडिएशन द्यायचं असेल तेव्हा मधे निदान सहा तास ठेवायचा नियम आहे. शनिवार-रविवारची सुट्टी मात्र मुख्यतः माणसांची आणि मशीनची, तिच्यात फार बायोलॉजी शोधू नका.

कॅन्सरच्या पेशी पण रिपेअर करतात का, तर करतात, नाही कशाला म्हणू. फरक असा की पुष्कळ ट्यूमरांत पी५३ आणि तत्सम, विभाजन थांबवून धरणारी प्रोटीनं बिघडलेली असतात, त्यामुळे पेशी रिपेअर पूर्ण व्हायच्या आधीच विभाजनाला निघते आणि दोन सेंट्रोमिअरवाले, अर्धवट तुकडेवाले क्रोमोसोम ओढताना मरते. म्हणून रेडिएशनच्या दुसऱ्या दिवशी गाठ वितळलेली दिसत नाही, आठवडे लागतात, पेशी विभागायला जाईल तेव्हा मरेल. आणि नॉर्मल टिश्यूतल्या सावकाश प्रतिसाद देणाऱ्या पेशींना रोजचा डोस छोटा असला की रिपेअरचा फायदा जास्त मिळतो, रोजचा डोस मोठा केला की तो फायदा आटतो. शिवाय आम्ही बीम वेगवेगळ्या कोनांतून आखतो त्यामुळे चांगल्या भागाला मुळात डोसच कमी जातो, हे विसरू नका, सगळं श्रेय बायोलॉजीला देऊ नका, फिजिक्सवाल्यांनी पण काहीतरी केलंय.

आता गंमत. पूर्वी ब्रेस्टला ५० ग्रे २५ दिवसांत विभागून द्यायचे, पाच आठवडे. मग ब्रिटनमधल्या मोठ्या ट्रायलांत दिसलं की ४० ग्रे १५ दिवसांत दिलं तरी परिणाम तेवढाच, कारण ब्रेस्टचा ट्यूमर रोजच्या डोसच्या आकाराला जवळपास नॉर्मल टिश्यूसारखाच प्रतिसाद देतो, म्हणजे फार छोटे छोटे भाग करून तिथे विशेष काही कमावत नाही. तीन आठवडे म्हणालात, तो हाच हिशेब असणार. २०२० साली तर पाच दिवसांत २६ ग्रे या वेळापत्रकाचे निकाल आले. बदलापूर-कर्जतहून रोज परळ गाठणाऱ्या पेशंटला पंचवीसच्या जागी पंधरा फेऱ्या हा काय फरक आहे ते सेंट्रल लाइनवाल्यांना सांगायला नको.

निसर्गोपचार_ठाणे

रोज सकाळी उपाशीपोटी गाजर-बीट-आवळा ज्यूस आणि व्हिटॅमिन सी-ई च्या हाय डोस गोळ्या घ्या, डीएनए रिपेअर आपोआप दुप्पट होतो. आमच्याकडे किट आहे, मेसेज करा.

लिनॅकवाला

दुप्पट कशाने मोजलात? ठिपके मोजणारी ताई वरच बसलीय, तिला विचारा.

मुलुंडचे बाबा, याच्याकडे लक्ष देऊ नका. जेवणात गाजर, आवळा खुशाल खा. पण रेडिएशन चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या डोसच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. एक्स-रे डीएनए तोडतो त्यातला मोठा वाटा पाण्यापासून बनलेल्या फ्री रॅडिकलचा असतो, ते विझवणारी गोष्ट पोटात घालून तुम्ही वाचवणार कोणाला, वहिनींच्या चांगल्या पेशींना की गाठीला, हे ती गोळी ठरवत नाही.

ट्रॉम्बेकर

रिटायर्ड माणूस आहे, उशिरा आलो. डायनोकॉकसचं नाव कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो. १९५६ साली अमेरिकेत ऑरेगनमध्ये डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचे प्रयोग चालले होते, तरी एक डबा सडला आणि त्यात हा जिवाणू सापडला. माणूस ४-५ ग्रे पूर्ण अंगावर पडले तर उपचाराशिवाय जगायची शक्यता निम्मी, हा पठ्ठ्या ५००० ग्रे खाऊन परत वाढायला लागतो. त्याच्या जीनोमचे शंभराहून जास्त तुकडे होतात आणि काही तासांत सगळे जागच्या जागी.

लोकांना वाटतं त्याचा डीएनए फार टणक असेल. तसं नाही, त्याचा डीएनए इतरांइतकाच तुटतो. एक म्हणजे त्याच्याकडे जीनोमच्या चार ते दहा प्रती असतात, म्हणजे बाबांच्या लेकीचा प्रश्न त्याला पडतच नाही, बघून लिहायला प्रती भरपूर. दुसरं म्हणजे त्याच्यात मँगनीजची संयुगं भरपूर असतात, ती प्रोटीनांना ऑक्सिडेशनपासून वाचवतात, म्हणजे रिपेअर करणारी यंत्रणा शाबूत राहते. आमच्या बीएआरसीत यावर बरीच वर्षं काम चाललंय.

आणि चुकीच्या जोडणीचा एक उपयोग पण आहे. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० पोचलं होतं, एक माणूस दगावला. अशा वेळी कोणाला किती डोस लागला हे कळायला त्यांच्या अंगावर मीटर थोडाच असतो? मग रक्त घ्यायचं, त्यातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढवायच्या आणि दोन सेंट्रोमिअरवाले क्रोमोसोम मोजायचे, दोन वेगवेगळ्या क्रोमोसोमची टोकं चुकून एकमेकांना लागली की ते तयार होतात, त्यांच्या संख्येवरून डोस काढता येतो.

हळूहळू मिळणाऱ्या डोसचं गणित वेगळं, हेही लेकीला सांगा. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत किरणोत्सारी थोरियम आहे, तिथले लोक पिढ्यान् पिढ्या इतरांपेक्षा कितीतरी जास्त नैसर्गिक रेडिएशनमध्ये राहतात, तिथल्या मोठ्या पाहणीत त्यामुळे कॅन्सर जास्त असल्याचं दिसलं नाही. एक तुटतंय तोवर आधीचं जोडून झालेलं असतं, एका वेळी दोन उघडी टोकं शेजारी यायची वेळच कमी येते.

क्रिस्पर_क्युरियस

पेट्रीडिश ताई, एक मिनिट. तुम्ही म्हणता एनएचईजे उगाच बदनाम आहे. मग क्रिस्परमध्ये (डीएनए हव्या त्या जागी कापायचं तंत्र) कास९ या एन्झाइमने कापलं की जवळजवळ दर वेळी अक्षरं कमी-जास्त झालेली मिळतात ते कसं? आम्हाला एमएस्सीला जीन नॉकआउट (जनुक बंद पाडणं) म्हणजे एनएचईजेच्या चुका असंच शिकवलं.

पेट्रीडिश

शिकवलं ते बरोबरच, पण त्यात एक मेख आहे. कास९ कापतं, पेशी जोडते. नीट जोडलं तर मजकूर जसाच्या तसा, म्हणजे कास९ ला तो परत ओळखता येतो आणि ते परत कापतं. परत नीट जोडलं, परत कापलं. हा खेळ तेव्हाच थांबतो जेव्हा जोडताना एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं आणि कास९ ला जागा ओळखू येईनाशी होते. शेवटी तुम्ही सिक्वेन्स करता तेव्हा हातात फक्त चुकलेल्या जोडण्या येतात, आधीच्या नीट जोडलेल्या किती होत्या ते दिसतच नाही. एक्स-रे दुसऱ्यांदा येऊन त्याच जागी कापत नाही, त्यामुळे क्रिस्परचा आकडा घेऊन एनएचईजेला मार्क देऊ नका.

आणि याच चुकीवर औषध निघालंय. सिकल सेलसाठी कॅसजेव्ही नावाची थेरपी, २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्य केली. त्यात बिघडलेलं हिमोग्लोबिनचं जनुक दुरुस्त करतच नाहीत. बीसीएल११ए नावाच्या जनुकाचा एक स्विच कापतात, एनएचईजेला तो बिघडवू देतात, की पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन बनवायला परत सुरुवात होते. आपल्या गडचिरोली, नंदुरबारकडे सिकल सेलचे किती पेशंट आहेत ते सगळ्यांना माहितीय, पण अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे, तेव्हा टाळ्या जरा थांबून वाजवूया.

मुलुंडचे_बाबा

वाचतोय सगळं, प्रिंट काढून फाइलला लावतोय. ताई, वहिनीच्या फाइलवर बीआरसीए टेस्टिंग असं लिहिलंय, रिपोर्ट यायचाय. तुम्ही वर बीआरसीए२ माळ चढवतं म्हणालात, तेच का हे? बिघडलेलं निघालं तर पेशी नुसत्या एनएचईजेवर चालतात का?

पेट्रीडिश

तेच. बीआरसीए१ चं जनुक १९९४ साली सापडलं, बीआरसीए२ चं त्याच्या पुढच्या वर्षी. जन्मतः एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली असते, शरीर नीट चालतं. एखाद्या पेशीत ती दुसरी पण गेली की तिथे बघून लिहिणं बंद, मग एनएचईजे आणि त्याच्याही पलीकडची एक ओबडधोबड पद्धत उरते, पॉलिमरेज थीटावाली, जी चार-सहा अक्षरं जुळली की मधलं सगळं कापून जोडून टाकते. अशाने म्युटेशन साठत जातात आणि कॅन्सरची शक्यता वाढते.

पण ट्यूमरची हीच लंगडी बाजू औषधाला सापडली. पार्प नावाचं एन्झाइम एकेरी चिरांच्या रिपेअरमध्ये असतं. ओलापॅरिबसारखी गोळी पार्पला डीएनएवरच अडकवून ठेवते, कॉपी काढणारी यंत्रणा त्यावर धडकते आणि दुहेरी तुटणं होतं. नॉर्मल पेशी सिस्टरवरून बघून ते जोडते. बीआरसीए नसलेल्या ट्यूमरला ते जमत नाही, चुकीचं जोडत जोडत मरतो. २००५ साली दोन गटांनी एकाच वेळी हे दाखवलं आणि २०१४ ला गोळी मंजूर झाली. म्हणून रिपोर्ट महत्त्वाचा, त्यावर पुढची औषधं ठरू शकतात, आणि घरातल्या रक्ताच्या नात्यातल्या बायकांनी (पुरुषांनीही, बीआरसीए२ पुरुषांना पण लागू आहे) टेस्ट करायची का तेही ठरतं. रिपोर्ट आला की ओपीडीत जेनेटिक काउन्सिलरला भेटायचंय असं सांगा. बिघाड निघालाच नाही तर हा सगळा परिच्छेद विसरा, ब्रेस्ट कॅन्सरच्या बहुसंख्य पेशंटमध्ये तो नसतोच.

गोळीचा असर पुष्कळदा काही काळाने कमी होतो, त्याचं एक कारण लेकीला नक्की आवडेल. समजा ट्यूमरमधल्या बीआरसीए२ जनुकात आधी एक अक्षर उडालेलं होतं म्हणून तीन-तीनच्या गटात वाचायचा क्रम मोडला होता. आता तिथेच जवळ परत तुटतं, ओबडधोबड पद्धत जोडताना आणखी दोन अक्षरं खाते. एक आणि दोन मिळून तीन, वाचायचा क्रम परत रुळावर, प्रोटीन थोडं तोकडं पण कामाचं, आणि त्या पेशीला परत बघून लिहिता यायला लागतं. ती पेशी गोळीला जुमानत नाही आणि तीच वाढते.

कसारा_लोकल

म्हणजे चुकून चूक दुरुस्त झाली आणि ती पण नको त्याची. ताई, त्या थीटाला अडवायची गोळी नाही का मग?

पेट्रीडिश

आहे, थीटाला अडवणारी औषधं पेशंटमध्ये तपासायला सुरुवात झालीय, पार्पच्या गोळीबरोबर जोडी लावून. कॉमर्सवाला म्हणे.